नवमातृत्व आणि रोजनिशी : आईने स्वतःसाठी लिहिण्याचे मोल

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी सांगता येतील :

• प्रसूतीनंतरचा काळ हा स्त्रीच्या आयुष्यातील संक्रमणाचा काळ का मानला जातो;
• बाळाविषयीची नोंद आणि आईची स्वतःची नोंद यांत काय फरक आहे;
• रोजनिशी लिहिल्याने मनावर कोणत्या मार्गांनी परिणाम होतो आणि त्याला संशोधनाचा आधार किती आहे;
• रोजनिशी कोठे अपुरी पडते आणि मदत केव्हा घ्यावी.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रात बाळाच्या जन्मानंतर पाचव्या किंवा सहाव्या दिवशी सटवाईची पूजा करतात. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहिते, अशी समजूत आहे. म्हणून पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत अनेक घरांत आढळते. गुजरातेत आणि उत्तर भारतात छठी, बंगालमध्ये षष्ठी अशा नावांनी याच्याशी मिळतेजुळते विधी होतात. लिहिणारी देवता प्रांतागणिक बदलते. पण बाळाचे भविष्य कोणीतरी लिहून ठेवते ही कल्पना समान आहे.

बाळंतिणीच्या खोलीत कागद आणि लेखणी अशी येते ती बाळासाठी. त्याच खोलीत निजलेल्या बाईचेही शरीर, झोप, नाती, दिवसाचा क्रम आणि स्वतःविषयीची समज या सगळ्यांत त्याच दिवसांत मोठा बदल होत असतो. तिच्या वाट्याला मात्र कागद येत नाही. तिने स्वतःसाठी लिहिले तर काय साधते, आणि काय साधत नाही, हा या पाठाचा विषय आहे.

हा विषय मानसशास्त्र, समाजकार्य, गृहविज्ञान आणि परिचर्या या शाखांच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाचा भाग म्हणून उपयोगी आहे. इतरांनाही तो परका नाही. बाळंतपणाला माहेरी आलेली बहीण, घरातली वहिनी, शेजारची मैत्रीण यांच्या रूपाने तो प्रत्येकाच्या घराजवळ येतो. काही विद्यार्थिनी तर शिक्षण घेत असतानाच आई झालेल्या असतात.

२. प्रसूतीनंतरचा काळ : एक संक्रमण

वयात येताना मुलामुलींच्या शरीरात आणि मनात उलथापालथ होते, हे आपण सहज मान्य करतो. त्या वयाला आपण नाव दिले आहे, त्याविषयी पाठ्यपुस्तकांत प्रकरणे आहेत. आई होतानाही अशीच उलथापालथ होते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी १९७३ मध्ये या बदलासाठी ‘मॅट्रेसन्स’ हा शब्द वापरला. पौगंडावस्थेसाठी असलेल्या ‘ॲडोलसन्स’ या शब्दाच्या धर्तीवर तो घडवलेला आहे. मराठीत त्याला ‘मातृत्व-संक्रमण’ म्हणता येईल. राफेल यांच्या मांडणीतील महत्त्वाचा मुद्दा असा, की मूल जन्मते तो क्षण आणि स्त्री ‘आई’ होते तो काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली काही तासांत घडते. दुसरीला महिने लागतात.

शरीरातील बदलांचे पुरावेही मिळाले आहेत. गर्भारपणात वाढलेली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी प्रसूतीनंतर काही दिवसांत झपाट्याने खाली येते. स्पेनमध्ये झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिलटकरणींच्या मेंदूची चित्रे गर्भधारणेपूर्वी आणि प्रसूतीनंतर घेण्यात आली. मेंदूतील करड्या द्रव्याच्या रचनेत काही भागांत स्पष्ट बदल दिसले आणि ते किमान दोन वर्षे टिकून होते.

भारतीय समाजाने हा काळ वेगळा आहे हे पूर्वीच ओळखले होते. सव्वा महिन्याची विश्रांती, माहेरचे बाळंतपण, शेक-शेगडी, हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, अंगाला तेल लावणारी बाई ही त्याचीच चिन्हे. मात्र या व्यवस्थेचा भर शरीर भरून येण्यावर आणि दूध येण्यावर आहे. मनाची विचारपूस ती व्यवस्था आपोआप करत नाही. एखादीचे माहेर मायेचे असेल तर ती विचारपूस होते, नसेल तर राहून जाते. नोकरीसाठी परराज्यात राहणाऱ्या, दोघांच्याच संसारात असलेल्या स्त्रियांना तर यांतले थोडेच मिळते.

३. नोंद कोणाची?

बाळाच्या वाढीची रोजनिशी लिहिण्याची परंपरा मानसशास्त्रात जुनी आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८३९ च्या डिसेंबरमध्ये जन्मलेल्या आपल्या पहिल्या मुलाविषयी बारकाईने टिपणे ठेवली. बाळ प्रथम केव्हा हसले, केव्हा घाबरले, राग कसा व्यक्त करते अशा त्या नोंदी होत्या. त्यांच्या आधारे त्यांनी लिहिलेला लेख १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनीत क्लारा आणि विल्यम स्टर्न या दांपत्याने १९०० पासून १९१८ पर्यंत आपल्या तीन मुलांच्या रोजनिश्या लिहिल्या. त्यांतील पुष्कळसे लेखन क्लारा यांच्या हातचे होते. बालकांच्या भाषाविकासाच्या अभ्यासात या रोजनिश्या आजही महत्त्वाच्या मानल्या जातात.

या नोंदींचा केंद्रबिंदू बाळ आहे. लिहिणारी आई असली तरी ती निरीक्षक म्हणून हजर असते.

आपल्याकडे शासनाकडून मिळणारे माता व बाल संरक्षण कार्ड याच प्रकारचे, आणि अत्यंत उपयुक्त, दस्तऐवज आहे. त्यात गर्भारपणातील तपासण्या, लसीकरणाच्या तारखा, बाळाच्या वजनाचा आलेख, वाढीचे टप्पे असतात. त्याखेरीज आता मोबाइलवर पाजण्याच्या वेळा, लंगोट बदलल्याच्या वेळा आणि झोपेचे तास टिपण्याची सोय झाली आहे. या नोंदी आवश्यक आहेत. बाळाचे वजन वाढत नसेल तर ते त्यांतूनच लवकर कळते.

पण अशी सगळी कागदपत्रे एकत्र ठेवली तरी एका प्रश्नाचे उत्तर त्यांत सापडत नाही : या काळात तिला कसे वाटत होते? आईची रोजनिशी ही एकच वही अशी आहे, की जिच्यात ती स्वतः कर्ता आणि स्वतःच विषय असते. तिचे पहिले मोल यातच आहे.

या ठिकाणी राससुंदरी देवी यांची आठवण करणे योग्य ठरेल. एकोणिसाव्या शतकात बंगालमधील या गृहिणीने सासरी, स्वयंपाकघरात, पोथीचे एक पान लपवून ठेवून चोरून अक्षरओळख करून घेतली. पुढे त्यांनी ‘आमार जीबन’ हे आत्मचरित्र लिहिले. ते बंगाली भाषेतील पहिले आत्मचरित्र मानले जाते. एकामागून एक झालेली मुले, त्यांचे करता करता स्वतःच्या जेवणाचेही राहून जाणे, हे सगळे त्यात आले आहे. घराच्या कामात गडप झालेले आयुष्य त्यांच्या लिहिण्यामुळे दिसू लागले. मात्र त्यांना हे लिहायला मिळाले ते मुले मोठी झाल्यावर, अनेक वर्षांनी. रोजनिशीचा फायदा असा, की ती त्या त्या दिवशी लिहिता येते.

४. लिहिल्याने नेमके काय होते?

रोजनिशीचा परिणाम तीन मार्गांनी समजून घेता येतो.

(अ) आठवणीला आधार

नवजात बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे लागते. त्यामुळे आईची झोप तुकड्यातुकड्यांनी होते. दिवसभरातील अनुभव स्मृतीत पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेत चालते. झोप मोडत राहिली की दिवस एकमेकांत मिसळून जातात. शिवाय माणसाची स्मृती सद्य मनःस्थितीप्रमाणे रंग घेते. आज मन खिन्न असेल तर मागचा सगळा महिनाच वाईट गेला असे वाटते. आज बरे वाटत असेल तर मागचा त्रास ‘तेवढा नव्हता’ असे वाटते. तारखेसह लिहिलेली ओळ या दोन्ही चुका रोखते. ‘मंगळवारी दुपारी दोन तास सलग झोप लागली, उठल्यावर हलके वाटले’ ही नोंद गुरुवारच्या काळोखात खरा पुरावा असते.

(आ) भावनेला नाव आणि क्रम

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सहभागी झालेले ४६ जण पदवीचे विद्यार्थीच होते. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे त्यांना लिहायला सांगितले. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले. इतरांनी आयुष्यातील क्लेशकारक प्रसंगावर लिहिले : कोणी फक्त घटना, कोणी फक्त भावना, तर कोणी घटना आणि भावना दोन्ही. लिहून झाल्यावर लगेच क्लेशकारक विषयावर लिहिणाऱ्यांना अधिक उदास वाटले. मात्र पुढील सहा महिन्यांत, घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्या गटाला विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जाण्याची गरज तुलनेने कमी पडली.

पुढील संशोधनात पेनेबेकर यांनी लेखनातील शब्दांचा अभ्यास केला. ज्यांच्या लेखनात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ‘कारण’, ‘म्हणून’, ‘लक्षात आले’, ‘उमगले’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना लेखनाचा फायदा अधिक झालेला दिसला. म्हणजे मनातले ओतून टाकणे एवढाच लेखनाचा उपयोग नाही. सुट्या, टोचणाऱ्या अनुभवांची एक समजेल अशी गोष्ट तयार होणे हा त्याचा गाभा आहे.

येथे प्रमाणाचे भान ठेवले पाहिजे. अशा लेखनावरील १४६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण जोआन फ्रॅटारोली यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केले. लेखनाचा फायदा होतो, पण सरासरीने तो लहान असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रसूत स्त्रियांबाबतही चित्र संमिश्र आहे. इटलीत झालेल्या अभ्यासांत प्रसूतीनंतर लवकरच आपल्या अनुभवाविषयी लिहिलेल्या स्त्रियांमध्ये काही महिन्यांनी नैराश्याची आणि आघाताची लक्षणे कमी दिसली. इंग्लंडमध्ये मात्र सर्व नवमातांना सरसकट असे लेखन सुचवून पाहिले, तेव्हा फार थोड्यांनी त्यात भाग घेतला आणि एकूण गटात ठळक फरक दिसला नाही. ज्यांनी लिहिले त्यांतील काहींना ते उपयोगी वाटले. यातून निघणारा अर्थ सरळ आहे : रोजनिशी हे सगळ्यांना द्यायचे औषध नव्हे. जिला लिहावेसे वाटते तिच्यासाठी ते एक साधन आहे.

(इ) नमुना दिसणे

एक दिवस म्हणजे एक अनुभव. पंधरा दिवसांच्या नोंदी एकाखाली एक आल्या की त्यांतून नमुना दिसू लागतो. रडू येते ते संध्याकाळीच येते का? भूक मारल्यावर चिडचिड वाढते का? कोणी भेटून गेल्यावर मन बसते का? हे प्रश्न मनातल्या मनात सुटत नाहीत, पण वहीत सुटू शकतात. नमुना दिसला की मागणी करता येते : ‘मला मदत करा’ या मोघम वाक्याऐवजी ‘संध्याकाळी सहा ते सात बाळाला तुम्ही घ्या’ असे सांगता येते. ऐकणाऱ्यालाही ते करणे सोपे जाते.

५. नोंदींचे उदाहरण

पुढील नोंदी समजावण्यासाठी रचलेल्या आहेत. प्रथम बाळाची नोंद पाहू :

‘२.१० ला पाजले. ३.४० ला शी. ५.०० ला पाजले. नाळ पडली.’

आता त्याच घरातील आईच्या तीन नोंदी पाहू :

नववा दिवस : ‘आज पुन्हा रडू आले. का ते कळत नाही. सगळे म्हणतात दूध पुरत नाही. मीच कमी पडते.’

बारावा दिवस : ‘सकाळी ठीक होते. दुपारी शेजारच्या काकू आल्या, दूध पुरतंय ना, असं दोनदा विचारून गेल्या. त्यानंतर रडले.’

चौदावा दिवस : ‘आशाताईंनी वजन केले. वाढले आहे. म्हणजे दूध पुरतंय. मला रडू येतं ते दुधामुळे नाही, कोणी असं विचारलं की येतं. आईला सांगितलं, आठवडाभर कोणाला भेटायला बोलावू नकोस.’

पहिल्या नोंदीत भावना आहे आणि तिच्यातून स्वतःवर काढलेला निकाल आहे : ‘मीच कमी पडते.’ दुसऱ्या नोंदीत निकाल नाही. वेळ, प्रसंग आणि त्यानंतरची प्रतिक्रिया एवढेच आहे. तिसऱ्या नोंदीत ‘म्हणजे’, ‘मुळे’ हे कार्यकारण दाखवणारे शब्द आले, आणि शेवटी एक कृती आली. पाच दिवसांत परिस्थिती बदलली नाही. बदलली ती परिस्थितीची समज. आणि ती तिची तिनेच बदलली. लेखनाचा जो परिणाम प्रयोगांत आकड्यांनी मांडला जातो, तो घरात बहुधा अशा लहान रूपात दिसतो.

६. उदासी आणि नैराश्य : रोजनिशी कोठे थांबते

प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांनी रडू येणे, चिडचिड, हुरहुर वाटणे हे निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या बाबतीत घडते. ही उदासी साधारण दोन आठवड्यांत ओसरते. विश्रांती, मदत आणि धीर एवढे तिला पुरते.

प्रसूतिपश्चात नैराश्य हा वेगळा आजार आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत खिन्नता, कशातच गोडी न वाटणे, बाळ झोपले तरी झोप न लागणे, आपण वाईट आई आहोत असा ध्यास, बाळाविषयी काहीच न वाटणे किंवा अतोनात भीती वाटणे, मरणाचे विचार ही त्याची लक्षणे आहेत. भारतातील ३८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आले. त्यानुसार सुमारे २२ टक्के मातांमध्ये हे नैराश्य आढळते, म्हणजे जवळजवळ दर पाचांत एक. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य दिसले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही आजारी होत्या. आर्थिक ओढाताण, पतीकडून होणारी हिंसा आणि मुलगी होणे यांच्याशी त्याचा संबंध आढळला. मुलगा हवा असताना मुलगी झाली, की आईच्या मनावर काय बेतते हे या अभ्यासाने आकड्यांत दाखवले.

ही कारणे वहीत लिहून नाहीशी होणारी नाहीत. पैशाची चणचण आणि मारहाण यांवर रोजनिशी हा उपाय नव्हे. त्यांचे ओझे एकट्या बाईच्या मनोबलावर टाकणे हा अन्याय होईल. तरीही रोजनिशीचा येथे एक ठोस उपयोग आहे. ‘बाळंतपणात असं होतंच’, ‘नाटकं आहेत सगळी’, ‘आम्ही नाही का मुलं वाढवली?’ अशी वाक्ये घराघरांत ऐकू येतात. ती ऐकून बाई स्वतःच्याच त्रासावर शंका घेऊ लागते. सलग पंधरा-वीस दिवसांच्या तारखा असलेली वही ती शंका दूर करते. दोन आठवडे उलटून गेले आहेत, हे तिला स्वतःला दिसते.

डॉक्टरांसमोरही तिचा उपयोग होतो. अशा नैराश्याची चाचपणी करण्यासाठी १९८७ मध्ये तयार झालेली एडिनबरो मापनश्रेणी जगभर वापरली जाते. तिच्यात दहा प्रश्न असून ते मागील सात दिवसांविषयी असतात. घाईत, सासूबाई शेजारी उभ्या असताना, मागचे सात दिवस आठवून सांगणे कठीण असते. वही असली की सांगता येते, किंवा वहीच पुढे करता येते. दवाखान्यात प्रसूती झाल्यास आशा कार्यकर्ती पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते. त्या भेटी बाळासाठी असल्या तरी दोन वाक्ये स्वतःविषयी सांगण्याचीही ती संधी आहे.

काही लक्षणे दिसल्यास वही बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. भास होणे, नसलेले आवाज ऐकू येणे, अनेक रात्री झोप नसूनही थकवा न जाणवणे, असंबद्ध बोलणे, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येणे ही ती लक्षणे होत. प्रसूतिपश्चात मनोविकृती हजारात एक-दोघींनाच होते, पण ती तातडीची अवस्था आहे आणि उपचारांनी बरी होते. ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत, कोणत्याही वेळी, विनामूल्य बोलता येते. घरात हिंसा होत असल्यास महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक आहे.

७. कशी लिहावी?

बाळंतिणीला रोज एक पान लिहा असे सांगणे म्हणजे तिच्या कामांत एका कामाची भर घालणे. रोजनिशी तिच्या सोयीची असावी. पुढील सूचना त्या दृष्टीने आहेत.

• एक ओळ पुरे. तारीख, किती झोप मिळाली, नीट जेवले का, मन कसे आहे, एवढे लिहिले तरी नमुना दिसतो.
• एक वाक्य ‘मी’ने सुरू करावे. ‘बाळ तीनदा उठले’ यासोबत ‘मी तिसऱ्या वेळी वैतागले’ हेही लिहावे.
• घटना आणि भावना दोन्ही लिहाव्यात. शक्य तेथे ‘कारण’ लिहावे. सुचत नसेल तर सोडून द्यावे.
• न शोभणाऱ्या भावनाही लिहाव्यात. बाळाचा राग येणे, सगळे सोडून निघून जावेसे वाटणे असे विचार पुष्कळ जणींच्या मनात येतात. ते लिहिल्याने कोणी वाईट आई ठरत नाही. तेच विचार पुन्हा पुन्हा येऊ लागले तर मात्र ते डॉक्टरांना सांगावेत.
• खंड पडला तर पडू द्यावा. मागचे दिवस भरून काढायचे नाहीत.
• आपल्या भाषेत लिहावे. शुद्धलेखनाची चिंता नको. लग्न होऊन दुसऱ्या भाषेच्या घरात गेलेल्या मुलीला आपल्या भाषेतील वही हा मोठाच विसावा असतो.
• लिहून दरवेळी अधिकच जड वाटत असेल, तेच ते उगाळले जात असेल, तर थांबावे. मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांच्या संशोधनातून असे दिसले, की दुःख मनात घोळवत राहण्याने नैराश्य वाढते. अशा वेळी लिहिण्यापेक्षा बोलणे बरे.

वही ठेवायची कोठे हा प्रश्न लहान वाटतो, पण अनेकींसाठी तोच पहिला अडसर असतो. एकत्र कुटुंबात बाईला स्वतःचा असा खण नसतो. वही कोणाच्या हाती लागेल या धाकाने लिहिले तर मनातले उतरतच नाही. मोबाइलवर कुलूप लावून लिहिणे हा एक मार्ग आहे. घरात मारहाण होत असेल तर लिहिलेले सापडणे धोक्याचे ठरू शकते. तेथे वही विश्वासातल्या व्यक्तीकडे ठेवावी किंवा लिहूच नये.

घरातील इतरांनी दोनच गोष्टी कराव्यात : तिची वही वाचू नये, आणि रोज दहा मिनिटे बाळाला घ्यावे. दहा मिनिटे मिळाली नाहीत तर या पाठातील बाकी सगळे कागदावरच राहील.

८. लिहिता येत नसेल तर

सगळ्याच आयांना लिहिता येते असे नाही, आणि लिहिता येणाऱ्या सगळ्यांना लिहावेसे वाटते असेही नाही. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतल्या बायकांनी पहाटे जात्यावर बसून आपले आयुष्य ओव्यांत सांगितले. माहेर, सासर, बाळंतपण, लेक-लेकरू, सवत, दुष्काळ सगळे त्यांत आहे. हेमा रायरकर आणि गी प्वातवें यांनी सुरू केलेल्या उपक्रमातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. जात्याच्या घरघरीत शेजारी बसलेल्या बाईखेरीज कोणाला ऐकू जाऊ नये, अशी ती जागा होती. आजच्या भाषेत सांगायचे तर खासगी आणि तरी सोबतीची.

म्हणून रोजनिशी म्हणजे वहीच असे समजू नये. मोबाइलवर स्वतःचा आवाज दोन मिनिटे ध्वनिमुद्रित करता येतो. कॅलेंडरच्या चौकोनात बऱ्या दिवशी टिंब आणि वाईट दिवशी फुली करता येते. महिन्याच्या शेवटी ते पान काय ते सांगतेच.

९. सारांश

आई होणे ही महिनोन्‌महिने चालणारी घडण आहे. या काळातील बहुतेक नोंदी बाळाच्या असतात, आणि त्या हव्यातच. आईची रोजनिशी मात्र तिला स्वतःच्या अनुभवाची साक्षीदार बनवते. तिने आठवणीला आधार मिळतो, भावनेला नाव आणि क्रम मिळतो, आणि त्रासाचा नमुना दिसून नेमकी मदत मागता येते. संशोधनानुसार हा फायदा खरा पण मर्यादित आहे. नैराश्य, हिंसा आणि दारिद्र्य यांवर ती उपाय नाही. पण मदत केव्हा हवी हे ओळखायला आणि ती मागताना आपले म्हणणे ठामपणे मांडायला तिचा उपयोग होतो.

स्वाध्याय

१. ‘मातृत्व-संक्रमण’ ही संकल्पना पौगंडावस्थेशी तुलना करून स्पष्ट करा.
२. डार्विन व स्टर्न दांपत्याच्या नोंदी आणि आईची स्वतःची रोजनिशी यांतील फरक सांगा.
३. पेनेबेकर व बील यांच्या प्रयोगात लेखनाचा तात्काळ परिणाम आणि सहा महिन्यांतील परिणाम वेगळे का दिसले असावेत? आपले मत मांडा.
४. विभाग ५ मधील तीन नोंदींत भाषा कशी बदलत जाते, ते शब्द दाखवून लिहा.
५. प्रसूतीनंतरची उदासी, प्रसूतिपश्चात नैराश्य आणि प्रसूतिपश्चात मनोविकृती यांतील फरक कालावधी, लक्षणे व करावयाची कृती या तीन मुद्द्यांवर तक्त्यात मांडा.
६. आपल्या घरातील किंवा परिचयातील एखाद्या ज्येष्ठ स्त्रीला तिच्या पहिल्या बाळंतपणातील दिवसांविषयी, तिची संमती घेऊन, विचारा. तिला बाळाविषयी काय आठवते आणि स्वतःविषयी काय आठवते, याची नाव न लिहिता दोन स्तंभांत नोंद करा.